आत्याच्या संगणकावर तुटलेलं जोडाक्षर



आपल्या घरांमधली बरीच मुलं आता सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहेत. दिवाळीत गावी गेलो की कुणी ना कुणी विचारतंच, "तू एवढा शिकलास, मग आमच्या कॉम्प्युटरवर हे का चालत नाही?" गेल्या दिवाळीत हा प्रश्न मला माझ्याच आत्याने विचारला, आणि तोही मीच लिहिलेल्या प्रोग्रामबद्दल. उत्तर सापडायला चार दिवस गेले. त्या चार दिवसांत जे शिकलो ते नोकरीच्या इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून हा लेख.

आमचं गाव इचोडा. नागपूर-हैदराबाद रस्त्याने निर्मल सोडून आदिलाबादकडे निघालात की मध्ये लागतं. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. त्यामुळे आमच्याकडे घरात मराठी, कचेरीत तेलुगू आणि बाजारात दोन्ही. शिवाय आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या राजगोंड मंडळींची गोंडी कानावर पडत असतेच.

माझी आत्या शाळेत शिक्षिका होती. निवृत्त झाल्यापासून ती एका वहीत शब्द लिहून ठेवते. मराठी शब्द, शेजारी तेलुगू, शेजारी गोंडी. वही भरली, दुसरी भरली. मग मला फोन आला. "अरे, याचं एक पुस्तक करता येईल का? प्रत्येक शब्द तीन लिप्यांत छापायचा आहे. गोंडी शब्द त्यांच्याच लिपीत पाहिजे हं, देवनागरीत नको."

आपल्याच जिल्ह्यातली लिपी

आपल्यातल्या तरुण मंडळींना कदाचित माहीत नसेल, पण गोंडीची एक लिपी आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात सापडली आहे. नारनूर मंडळात गुंजाला नावाचं गाव आहे. तिथे जुन्या हस्तलिखित पोथ्या जपून ठेवलेल्या होत्या. हैदराबाद विद्यापीठातले प्राध्यापक जयधीर तिरुमल राव यांच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासकांनी त्या उजेडात आणल्या. तोवर ही लिपी वाचता येणारी थोडीच वडीलधारी माणसं उरली होती. पुढे या लिपीला 'गुंजाला गोंडी' म्हणून युनिकोडमध्ये जागा मिळाली. जून 2018 मध्ये आलेल्या युनिकोडच्या 11व्या आवृत्तीत तिची 63 चिन्हं आहेत.

युनिकोडमध्ये जागा मिळणं म्हणजे प्रत्येक अक्षराला एक क्रमांक मिळणं. तेवढ्याने काम भागत नाही. आपल्या देवनागरीत 'क', हलन्त आणि 'ष' मिळून 'क्ष' होतो, तशीच गुंजाला गोंडीतही जोडाक्षरं होतात. क्रमांक वाचायचे, फॉन्टमधले आकार निवडायचे आणि ते नीट जुळवायचे, हे काम एक वेगळी लायब्ररी करते. तिचं नाव हार्फबझ. फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस, अँड्रॉइडचे फोन या सगळ्यांत ती असते. आज मोबाइलवर मराठी जोडाक्षरं नीट दिसतात, त्यात तिचा मोठा वाटा आहे.

लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. अनेक प्रोग्रामना लागणारं काम एकदाच लिहून वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात आणि सगळे प्रोग्राम ती फाइल सामाईक वापरतात. प्रोग्राम सुरू होताना 'लोडर' नावाचा यंत्रणेचा भाग या फाइली शोधून जोडतो. त्या कुठे कुठे शोधायच्या याची ठरलेली वाट असते. आमचं घोडं याच वाटेवर अडलं.

पहिला दिवस: प्रोग्राम उघडेचना

प्रोग्राम मी माझ्या लॅपटॉपवर लिहिला. शब्द भरा, तिन्ही लिप्यांत पान पाहा, पीडीएफ काढा, छापा. लॅपटॉपवर सगळं झकास. पेन ड्राइव्हवर टाकून गावी नेला.

आत्याचा संगणक जुना. त्यावर उबंटू 18.04. माझ्याकडे 22.04. आत्याने हौसेने दोनदा क्लिक केलं आणि काहीच झालं नाही. टर्मिनलमधून चालवला तेव्हा संदेश आला, 'ग्लिबसीची 2.34 आवृत्ती सापडत नाही.'

ग्लिबसी ही लिनक्सची सर्वांत मूलभूत लायब्ररी. जवळपास प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर उभा असतो. उबंटू 22.04 मध्ये ती 2.35 असते, 18.04 मध्ये 2.27. जुन्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम नव्या यंत्रावर सहसा चालतो, पण नव्यावर बांधलेला जुन्यावर चालेलच असं नाही. मग ग्लिबसीच सोबत का नेऊ नये? तर ती लोडरशी आणि बाकी यंत्रणेशी इतकी बांधलेली असते की नुसती फाइल उचलून नेली तर भलतंच मोडतं. ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचंही तसंच. घराचा पाया आणि घराची वीज ज्याची त्याने वापरावी. पाहुण्याने ती बरोबर आणू नये.

उपाय सोपा होता. ज्या सर्वांत जुन्या यंत्रावर प्रोग्राम चालायला हवा, त्यावर तो बांधायचा. मी लॅपटॉपवर 18.04 चा कंटेनर उघडला, त्यात प्रोग्राम पुन्हा बांधला आणि लागणाऱ्या इतर लायब्ऱ्या शेजारच्या 'लिब' फोल्डरमध्ये ठेवल्या. नवी हार्फबझही मूळ कोडपासून बांधून तिथेच ठेवली. आकार लहान राहावा म्हणून तिचे मला न लागणारे काही भाग वगळले. ही हुशारी पुढे अंगाशी आली.

दुसरा दिवस: उघडला, पण अक्षरं तुटली

आता लोडरला सांगायचं होतं की लायब्ऱ्या 'लिब' फोल्डरमध्ये शोध. पूर्ण पत्ता लिहिला तर तो माझ्या लॅपटॉपवरचा होणार, आणि आत्याच्या संगणकावर माझ्या नावाचं फोल्डर कुठून असणार? यासाठी लिनक्समध्ये 'डॉलर-ओरिजिन' नावाची सोय आहे. तिचा अर्थ 'ही फाइल जिथे आहे तिथून'. म्हणजे पूर्ण पत्ता देण्याऐवजी 'आमच्या घराशेजारचं दार' असं सांगायचं. घर कुठेही हलवा, शेजारचं दार शेजारीच राहतं. हा पत्ता प्रोग्रामच्या फाइलमध्येच 'रनपाथ' नावाच्या नोंदीत लिहितात. मी लिहिला.

प्रोग्राम उघडला. मराठी छान, तेलुगू छान. आत्याने लगेच फोन करून जवळच्या खेड्यातल्या पटेलांना बोलावून घेतलं. आम्ही त्यांना दादाच म्हणतो. वहीतले निम्मे गोंडी शब्द त्यांनीच सांगितलेले आणि ही लिपी त्यांना वाचता येते. बिचारे मुद्दाम बसने आले. चष्मा लावला, पडद्याजवळ वाकले, बराच वेळ पाहत राहिले.

"अक्षरं आमचीच दिसतात," ते म्हणाले, "पण लिहिलंय असं, की शिकायला बसलेल्या पोराने सुटी सुटी मांडलीत. जोडलं नाही कोणी."

मी पाहिलं. जोडाक्षरं सगळी तुटलेली. चूक झाल्याचा संदेश मात्र कुठेच नाही. आत्या काही बोलली नाही, पण तिचा चेहरा पडला. माणूस आपल्या भाषेचा शब्द छापील पाहायला येतो आणि आपण त्याला तो मोडून दाखवतो, याहून वाईट काय? दादा मात्र म्हणाले, "होईल, होईल. वही तर आहे ना." आणि चहा पिऊन परत गेले.

तिसरा दिवस: चोर सापडला, पण शेजाऱ्याला त्रास झाला

लोडर कोणती फाइल कुठून उचलतो हे त्याला बोलतं करून पाहता येतं. 'एलडी डीबग' या चलाला 'लिब्ज' असं मूल्य देऊन प्रोग्राम चालवला की शोधाची सगळी वाट छापून येते. त्या लांबलचक यादीत चोर सापडला. माझी नवी हार्फबझ शेजारी तशीच पडून होती आणि लोडरने यंत्रातली जुनी उचलली होती.

जुनी किती जुनी, तर उबंटू 18.04 आलं एप्रिल 2018 मध्ये आणि युनिकोड 11 आलं त्याच वर्षी जूनमध्ये. दोन महिन्यांची चुकामूक! आत्याच्या संगणकातल्या हार्फबझला गुंजाला गोंडी नावाची लिपी आहे हेच ठाऊक नव्हतं. फॉन्ट मी सोबत दिला होता म्हणून सुटी अक्षरं दिसली, पण ती जोडणारं कोणी नव्हतं. दोन्ही हार्फबझच्या फाइलींचं नाव एकच असल्यामुळे लोडरनेही तक्रार केली नाही.

पण मी तर रनपाथ लिहिला होता, मग असं का? खरी गंमत इथे आहे. माझा प्रोग्राम हार्फबझला थेट बोलावत नाही. तो पान मांडणाऱ्या माझ्याच एका लहान लायब्ररीला बोलावतो आणि ती हार्फबझला. रनपाथ मात्र ज्या फाइलीत लिहिला असेल, तिच्या थेट गरजांपुरताच चालतो. प्रोग्रामच्या रनपाथने मांडणीची लायब्ररी शेजारून मिळाली. त्या लायब्ररीत रनपाथ नव्हता, म्हणून तिची गरज लोडरने यंत्राच्या नेहमीच्या जागी शोधली. आपल्या ओळखीने मित्राला लग्नात आत घेतलं, पण मित्राच्या मित्राला दारातच थांबवलं, तसला प्रकार. 'आरपाथ' नावाची याहून जुनी नोंद असते, ती पुढच्यांनाही लागू होते. पण आजच्या बऱ्याच लिनक्सवर जोडणारी साधनं आपोआप रनपाथच लिहितात.

घाईत मी सोपी वाट धरली. 'एलडी लायब्ररी पाथ' नावाचं एक चल असतं. त्यात फोल्डर लिहिलं की लोडर यंत्रातल्या जागांआधी तिथे शोधतो. प्रोग्राम सुरू करणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये ते लिहून टाकलं आणि जोडाक्षरं जुळली! आत्याने टाळ्या वाजवल्या.

मग तिने 'पीडीएफ पाहा' हे बटण दाबलं, तर पीडीएफ दाखवणारा प्रोग्रामच उघडेना. रोज उघडायचा, आज नाही. कारण हे चल आपल्या प्रोग्रामपुरतं राहत नाही. आपण ज्या ज्या दुसऱ्या प्रोग्रामला सुरू करू, त्यांनाही ते वारशाने मिळतं. पीडीएफ दाखवणारा बिचारा यंत्राची हार्फबझ वापरणारा. त्याला माझी मिळाली. जागा वाचवण्यासाठी मी तिच्यातला जीलिबशी जुळवून घेणारा भाग वगळला होता, आणि त्याला नेमका तोच हवा होता. स्वतःचं घर नीट करताना शेजाऱ्याचं पाणी तोडलं म्हणायचं!

चौथा दिवस: प्रत्येकाच्या हाती आपला पत्ता

शेवटचा उपाय पाच मिनिटांचा निघाला. स्क्रिप्टमधलं ते चल काढून टाकलं. 'पॅचएल्फ' नावाच्या लहान साधनाने बांधून झालेल्या फाइलीतही रनपाथ लिहिता येतो. 'लिब' फोल्डरमधल्या प्रत्येक लायब्ररीत 'डॉलर-ओरिजिन' लिहिलं, म्हणजे 'तुला जे हवं ते आधी तुझ्याच शेजारी बघ'. मुख्य प्रोग्राममध्ये 'इथून लिब फोल्डरमध्ये बघ' हे आधीच होतं. झालं! माझी लायब्ररी माझ्या प्रोग्रामला, यंत्राची यंत्राला. पीडीएफही उघडलं.

हार्फबझचा परवाना मोकळा आहे, त्यामुळे ती प्रोग्रामच्या पोटातच कायमची मिसळून टाकली असती तरी चाललं असतं. 'स्टॅटिक लिंकिंग' म्हणतात ते हेच. पण प्रत्येक लायब्ररीचं तसं करता येत नाही. क्यूटीसारख्या काही लायब्ऱ्या एलजीपीएल परवान्यावर मिळतात. त्यात वापरणाऱ्याला लायब्ररी बदलता आली पाहिजे अशी अट असते, आणि ती वेगळी फाइल ठेवून सहज पाळता येते.

विंडोज आणि मॅकवाल्यांसाठी

पुस्तकाची छपाई नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात होणार होती आणि तिथे विंडोज. विंडोजमध्ये या लायब्ऱ्यांना डीएलएल म्हणतात. तिथला लोडर, काही राखीव यंत्र-लायब्ऱ्या सोडल्या, तर आधी प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये पाहतो. त्यामुळे डीएलएल प्रोग्रामशेजारी ठेवली की बहुतेक काम होतं. तिथे आमचं अडलं ते 'व्हीसी रनटाइम 140 डीएलएल सापडत नाही' या संदेशावर. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधलेल्या प्रोग्रामला लागणारी ही लायब्ररी प्रत्येक संगणकावर असतेच असं नाही. ती मायक्रोसॉफ्टकडून फुकट मिळते. इन्स्टॉलरमध्येच घालून द्यायची.

आपल्या आईबाबांच्या पिढीतल्या आयटीवाल्यांना 'डीएलएल हेल' हे शब्द आठवत असतील. 1990च्या दशकात नवा प्रोग्राम टाकला की तो विंडोजच्या सामाईक फोल्डरमधली डीएलएल आपल्या प्रतीने बदलून टाकायचा आणि दुसरा प्रोग्राम बंद पडायचा. पुढे विंडोज 2000 ने यंत्राच्या फाइलींवर पहारा बसवला आणि 2001 च्या एक्सपीने एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी नांदवण्याची सोय केली.

मॅकवर 'डॉलर-ओरिजिन'च्या जागी 'अॅट लोडर पाथ' आणि 'अॅट आरपाथ' येतात. पत्ते बदलायला 'इन्स्टॉल नेम टूल' असतं. पत्ते बदलल्यावर प्रोग्रामवर पुन्हा सही करावी लागते, हे विसरू नका. नाहीतर मॅक तो उघडू देत नाही.

मोठ्यांनाही हा त्रास चुकलेला नाही

हे वाचून वाटेल की गावाकडच्या जुन्या संगणकाची ही रडकथा आहे. तसं नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 2011 साली पाणबुडीच्या छंदासाठी 'सबसरफेस' नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला. 2014 च्या डेबकॉन्फ परिषदेत त्यांनी जाहीर तक्रार केली, की विंडोज आणि मॅकसाठी आम्ही तयार प्रोग्राम देतो, पण लिनक्सच्या इतक्या तऱ्हांसाठी वेगवेगळा बांधणं परवडत नाही. ज्यांनी लिनक्स घडवलं त्यांचीच ही अवस्था! पुढे सबसरफेस 'अॅपइमेज' स्वरूपात मिळू लागलं. त्यात प्रोग्राम आणि त्याच्या लायब्ऱ्या एकाच फाइलीत बांधलेल्या असतात. फ्लॅटपॅक आणि स्नॅप हे त्याच कुळातले दुसरे मार्ग. आत्याच्या प्रोग्रामची पुढची आवृत्ती मी अॅपइमेजमध्येच देणार आहे. पण आतले पत्ते नीट नसतील तर डबा कितीही छान असला तरी चूक तीच राहते.

आणि सगळं सोबत नेण्यालाही किंमत असते. सप्टेंबर 2023 मध्ये 'लिबवेबपी' या चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत गंभीर भोक सापडलं. यंत्रातली सामाईक प्रत एका अपडेटने दुरुस्त झाली. पण कितीतरी प्रोग्राम तिची स्वतःची प्रत बाळगून होते. त्या प्रत्येकाला वेगळी दुरुस्ती काढावी लागली. म्हणजे शिदोरी सोबत घेतली की ती आंबली नाही ना, हे पाहणंही आपल्याकडे येतं. मी आत्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर सोबत दिलेल्या लायब्ऱ्यांची नावं आणि आवृत्त्या लिहून ठेवल्या आहेत. दर दिवाळीला त्या तपासायच्या असं ठरवलं आहे.

तुम्ही प्रोग्राम देणार असाल तर

आपल्या मंडळातल्या मुलांनी शाळेसाठी, दुकानाच्या हिशोबासाठी, देवळाच्या वर्गणीसाठी लहान लहान प्रोग्राम लिहिलेले मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी एवढंच सांगतो:

- ज्या सर्वांत जुन्या संगणकावर चालायला हवा, त्यावर बांधा.
- ग्लिबसी आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर सोबत नेऊ नका. ज्याच्या आवृत्तीवर तुमचं काम अडतं ते मात्र जरूर न्या.
- पत्ता नेहमी 'इथून' असा द्या, आणि तो प्रोग्रामबरोबर प्रत्येक लायब्ररीतही लिहा.
- 'एलडी लायब्ररी पाथ' तपासण्यापुरतं वापरा. लोकांना देताना नको.
- प्रोग्राम उघडला म्हणजे झालं असं समजू नका. कोणती फाइल कुठून उचलली ते एकदा पाहा.
- स्वतःच्या लॅपटॉपवर तपासू नका. तिथे सगळं आधीच असतं, त्यामुळे काय राहिलं ते कळतच नाही.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माझी चूक मला दिसली नाही, कारण माझ्या यंत्रात नवी हार्फबझ आधीपासून होती. ती दिसली दादांना. संदेश न देता झालेली चूक ओळखायला ती लिपी वाचणारं माणूसच लागतं.

निघायच्या आदल्या दिवशी दादा पुन्हा आले. आत्याने छापलेलं पहिलं पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोट ठेवून ओळीने वाचलं, मोठ्याने. मध्येच एका शब्दावर थांबले आणि मान हलवली. माझ्या पोटात गोळा आला.

"हा शब्द चुकला," ते म्हणाले.

"जोडाक्षर तुटलं का, दादा?"

"नाही, नाही. लिहिलंय बरोबर. पण आमच्याकडे त्याला असं म्हणत नाहीत. बाई, वही काढा, सांगतो."

आत्या हसत हसत वही आणायला उठली, आणि मी प्रिंटरमध्ये दुसरा कागद घातला.